क्योटो चार दिवसांत: कुठे, किती वाजता आणि कसं पोहोचायचं

क्योटोत काय बघायचं याची यादी सगळ्यांकडे असते. सहल फसते ती वेळेच्या गणितात. फुशिमी इनारीच्या केशरी-लाल कमानी चोवीस तास खुल्या असतात, कियोमिझु-देरा सकाळी ६ वाजता उघडतं, बाकीची बहुतेक मंदिरं ८:३० किंवा ९ ला उघडतात आणि संध्याकाळी ५ ला बंद होतात. शेवटचा प्रवेश त्याच्याही अर्धा तास आधी. निवांत नाश्ता करून १० ला हॉटेल सोडलं, तर हातात जेमतेम सहा तास उरतात आणि तेही दिवसातल्या सर्वात दाट गर्दीचे. म्हणून या लेखातलं सगळं नियोजन एकाच सूत्रावर आहे. जी ठिकाणं पहाटे खुली असतात ती पहाटे, छपराखालची तिकिटाची ठिकाणं उन्हाच्या वेळी, आणि एका दिवशी शहराची एकच बाजू.

एकच बाजू का, ते शहराच्या रचनेतून कळतं. सन ७९४ मध्ये राजधानी म्हणून वसवलेलं हे शहर मधोमध सपाट आणि चौकटीत आखलेलं आहे. तिन्ही बाजूंना डोंगर. जुनी मंदिरं या डोंगरांच्या पायथ्याशी, म्हणजे शहराच्या कडेकडेने पसरलेली, आणि रेल्वे स्टेशन दक्षिणेला. पूर्वेच्या गिन्काकुजीहून पश्चिमेच्या अराशियामाला जायला सहज तासभर लागतो. सोनेरी मंदिर (किन्काकुजी), बांबूचं बन आणि लाल कमानी एकाच दिवसात ‘उरकणारे’ लोक दिवसाचा निम्मा वेळ बसमध्ये उभे असतात.

पोहोचणं आणि मुक्काम

टोकियोहून नोझोमी शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) साधारण सव्वादोन तासांत क्योटोला आणते. भाडं एका बाजूचं सुमारे १४,००० येन. (रुपयांचा ढोबळ हिशेब करताना १०० येनला ६० रुपये धरून चाला.) जपान रेल पास घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत ५०,००० येन झाली. फक्त टोकियो-क्योटो-टोकियो करणाऱ्याला तो परवडत नाही, सुटी तिकिटं स्वस्त पडतात. ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरलात तर हारुका एक्सप्रेस सव्वा ते दीड तासात थेट क्योटो स्टेशनला पोहोचवते. परदेशी पर्यटकांसाठी तिचं सवलतीचं तिकीट मिळतं, ते आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा.

मुक्कामासाठी दोनच भाग सोयीचे. क्योटो स्टेशनच्या आसपास राहिलात तर पहाटेच्या गाड्या पकडणं सोपं जातं. शिजो-कारासुमा आणि कावारामाची हा मधला भाग घेतलात तर संध्याकाळी पायी हिंडता येतं, खाण्याची दुकानं हाताशी असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने, विशेषतः आई-वडील किंवा मुलं सोबत असतील तर, स्टेशनजवळच राहावं. हॉटेलच्या दराशिवाय शहराचा मुक्काम-कर लागतो. मार्च २०२६ पासून तो माणशी, दर रात्री २०० ते १०,००० येन आहे. माणशी ६,००० ते २०,००० येनच्या खोलीला ४०० येन पडतात. चौघांचं कुटुंब चार रात्री राहिलं तर ही रक्कम ६,४०० येन होते आणि बऱ्याचदा ती हॉटेलात पोहोचल्यावर वेगळी मागतात.

रेल्वे आधी, बस शेवटच्या टप्प्याला

क्योटोच्या बस चांगल्या आहेत, पण सकाळी ९ नंतर स्टेशनवरून कियोमिझु आणि किन्काकुजीकडे जाणाऱ्या बसच्या रांगा लांबतात आणि रस्तेही तुंबतात. नियम सोपा ठेवा. जिथवर रेल्वे किंवा मेट्रो जाते तिथवर तीच घ्यायची, बस फक्त राहिलेल्या दोन-तीन किलोमीटरला. मेट्रोच्या दोनच मार्गिका आहेत. कारासुमा उत्तर-दक्षिण आणि तोझाई पूर्व-पश्चिम. याशिवाय जेआरच्या (जपान रेल्वेच्या) लोकल, कामो नदीकाठाने जाणारी केइहान आणि पश्चिमेकडे रान्देन नावाची छोटी ट्राम. सगळीकडे इकोका कार्ड चालतं. स्टेशनवरच्या यंत्रात २,००० येन टाकले की कार्ड मिळतं. त्यात १,५०० वापरायला आणि ५०० अनामत.

बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढच्या दाराशी चालकाजवळ पैसे भरायचे. शहराच्या मधल्या पट्ट्यात भाडं सरसकट २३० येन. रोख देणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. पैसे टाकायच्या डब्यातून सुटे परत मिळत नाहीत. शेजारी नाणी आणि १,००० येनची नोट मोडून देणारं यंत्र असतं. आधी तिथे मोड घ्यायची, मग बरोबर २३० मोजून डब्यात टाकायचे. १०,००० ची नोट घेऊन चढलेल्या प्रवाशामुळे मागची सगळी रांग अडते. मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नका. त्या हॉटेलवर ठेवा, खोली मिळायच्या आधीही बहुतेक हॉटेलं सामान सांभाळतात. क्योटो स्टेशनचे मोठे लॉकर गर्दीच्या दिवसांत सकाळीच भरून जातात.

जुन्या लेखांमध्ये ‘फक्त बसचा एक दिवसाचा पास घ्या’ असा सल्ला सापडेल. तो पास बंद झाला. आता मेट्रो आणि बस दोन्हींचा मिळून एक दिवसाचा पास आहे, १,१०० येनचा. दिवसात पाच फेऱ्या होणार असतील तरच तो वसूल होतो. जेआर, केइहान आणि रान्देनवर तो चालत नाही, त्यामुळे खाली दिलेल्या चार दिवसांपैकी तीन दिवस त्याचा उपयोग नाही. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी स्टेशनवरून कियोमिझु-गिन्काकुजीकडे ५०० येनची पर्यटक एक्सप्रेस बस असते. मोजकेच थांबे असल्याने ती दुप्पट पैशांच्या लायकीची आहे.

टॅक्सी अजिबात टाळू नका. चौघं असाल तर पहाटेच्या वेळी स्टेशन ते कियोमिझु टॅक्सी बसच्या जवळपास पडते. डावीकडचं मागचं दार चालक आतून उघडतो आणि बंद करतो, त्याला हात लावायचा नाही.

पहिला दिवस: पूर्वेचा डोंगर

पावणेसहाला टॅक्सी करून कियोमिझु-देराच्या पायथ्याशी उतरा. ६ वाजता दरवाजा उघडतो, तिकीट ५०० येन. मंदिराची स्थापना ७७८ ची, सध्याचं मुख्य सभागृह १६३३ चं. त्याचा लाकडी सज्जा दरीवर १३ मीटर उंच उभा आहे. केयाकी झाडाचे जाड खांब आणि त्यांच्या आरपार खोवलेल्या आडव्या तुळया, सांध्यांत खिळा नाही. लोक सज्जावर उभं राहून शहराकडे बघतात आणि परत फिरतात. खरं बांधकाम दिसतं ते खालून. सज्जावरून पुढे वळसा घेणारी वाट धरा, समोरच्या बाजूने पूर्ण देखावा बघा, आणि पायऱ्या उतरून थेट खांबांच्या तळाशी या. खांबांची दाटी आणि सांध्यांमधल्या पाचरी तिथे हाताच्या अंतरावर दिसतात. तिथेच ओतोवा धबधब्याच्या तीन धारा आहेत. लांब दांड्याच्या पळीने पाणी घ्यायचं. दीर्घायुष्य, विद्या आणि प्रेम असा त्यांचा अर्थ लावतात, पण तिन्ही धारांचं पाणी पिणं हावरटपणाचं मानलं जातं. एकच निवडा.

सव्वासातला सान्नेन्झाका आणि निनेन्झाका या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या उतरायला लागा. दुकानं ९-१० नंतर उघडतात, पण या गल्ल्या बंद दुकानांसकट जास्त चांगल्या दिसतात, कारण लाकडी घरांच्या ओळी आणि टोकाला दिसणारा ४६ मीटरचा यासाका पॅगोडा डोकी आडवी न येता दिसतो. ११ वाजता याच पायऱ्यांवर पाऊल टाकायला जागा नसते. पायऱ्या पावसात निसरड्या होतात, गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

तिथून यासाका मंदिरातून चालत गिऑन-शिजो स्टेशनला या. केइहानने दोन स्टेशनं दक्षिणेला शिचिजो, आणि पाच-सात मिनिटं चालून सान्जूसान्गेन्दो. ८:३० ला उघडतं (नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत ९ ला), तिकीट ६०० येन. मराठी वाचकाने क्योटोत एकच बंदिस्त जागा बघायची असेल तर ही बघावी. १२० मीटर लांब लाकडी दालनात सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १,००१ मूर्ती दहा रांगांत उभ्या आहेत. पहिलं दालन १२४९ च्या आगीत जळलं, १२४ मूर्ती वाचल्या, बाकीच्या नंतर घडवल्या आणि आजची इमारत १२६६ ची आहे. मधली मोठी बैठी मूर्ती शिल्पकार तान्केई याने ऐंशी ओलांडल्यावर पूर्ण केली.

पण घाईने चालत जाऊ नका. कान्नोनच्या समोर, अगदी कठड्यापाशी, २८ रक्षक देवता उभ्या आहेत आणि त्यांच्या फलकांवर रोमन लिपीत संस्कृत नावं आहेत. ब्रह्मा आणि इंद्र आहेत, नागराज आहे, असुर आहे. चोचवाला, पंख असलेला गरुड बासरी वाजवतोय. वसू ऋषी हाडकुळा म्हातारा आहे, काठीवर रेललेला, छातीच्या फासळ्या मोजता याव्यात इतका नेमका कोरलेला. बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे गेलेले आपले देव जपानी सुतारांनी कसे पाहिले, हे इथे एका रांगेत समोर येतं. एक तास द्या. फोटोला सक्त मनाई आहे, बूट बाहेर काढावे लागतात आणि हिवाळ्यात लाकडी जमीन बर्फासारखी गार असते. जाड मोजे घाला.

दुपारी हॉटेलवर जाऊन झोपा. पहाटे पाचला उठलेल्या माणसाने संध्याकाळी गिऑन, म्हणजे गेइशांचा जुना भाग, बघायचं असेल तर ही विश्रांती हवीच. पाचच्या सुमारास परत गिऑनला या. हानामिकोजी हा मुख्य रस्ता खुला आहे, पण त्याला फुटणाऱ्या खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना बंदी आहे आणि १०,००० येन दंडाचे फलक लावलेले आहेत. कामावर निघालेल्या गेइको (क्योटोतल्या गेइशा) किंवा माइकोला (शिकाऊ गेइशाला) थांबवून, वाट अडवून फोटो काढण्याच्या प्रकारांमुळेच ही वेळ आली. त्यापेक्षा उत्तरेला शिराकावा ओढ्याच्या काठाने चाला.

यासाका मंदिराच्या पायऱ्यांपासून दक्षिणेला कामेया कियोनागा नावाचं १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे. तिथे ‘सेइजो कान्कीदान’ मागा. लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, त्यात चंदन-दालचिनीसारखे सुगंधी मसाले, वरून पिठाची पारी, माथ्यावर कळ्या जमवून बांधलेली, आणि तिळाच्या तेलात तळलेली. हा पदार्थ तांग काळात चीनमार्गे बौद्ध विधींबरोबर आला आणि कांगितेन या देवतेला वाहिला जातो. कांगितेन म्हणजे गणपती. तेव्हा हातात काय आहे हे वेगळं सांगायला नको. कवच कडक असतं, सुगंध उदबत्तीकडे झुकणारा. गरम करून खाल्ला तर पारी खुसखुशीत होते.

दुसरा दिवस: लाल कमानी आणि इंद्राचा हत्ती

क्योटो स्टेशनवरून जेआर नारा लाइनने दुसरं स्टेशन इनारी. पाच मिनिटं, १५० येन. इथे एक चूक फार जण करतात. त्याच फलाटावरून मियाकोजी जलद गाडी सुटते, ती इनारीला थांबत नाही आणि प्रवासी थेट पुढे उजीच्या दिशेने निघून जातो. फलकावर ‘लोकल’ लिहिलंय का ते बघून चढा.

फुशिमी इनारीला तिकीट नाही, दरवाजा नाही. सहा-साडेसहाला पोहोचा. इनारी ही मुळात भाताच्या पिकाची देवता, पुढे व्यापाऱ्यांचीही झाली. कोल्हे तिचे दूत. पुतळ्यांकडे नीट बघा, कोणाच्या तोंडात भाताची लोंबी असते, कोणाच्या तोंडात कोठाराची किल्ली. प्रत्येक कमान कुणीतरी वाहिलेली आहे. जाताना खांब कोरे दिसतात, मागे वळून पाहिलं की दात्याचं नाव आणि तारीख काळ्या अक्षरांत दिसते. लाकूड मातीलगत कुजतं, म्हणून जुन्या कमानी काढून नव्या बसवण्याचं काम सतत चालू असतं. मधेच एखादी रिकामी जागा दिसली तर ती त्यामुळेच.

डोंगर २३३ मीटरचा, पूर्ण फेरी साधारण चार किलोमीटरची, रमतगमत दोन ते तीन तास. फोटोतली दाट कमानींची जोडवाट सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांतच येते आणि तिथेच गर्दी अडकते. अर्धा-पाऊण तास पायऱ्या चढून योत्सुत्सुजी या चौफुलीपर्यंत जा. तिथून शहराचा दक्षिण भाग उघडा दिसतो, बसायला जागा आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर इथूनच उतरा, कारण वरच्या फेरीत दृश्य फारसं बदलत नाही आणि शिखरावर झाडीमुळे काही दिसत नाही. ज्यांना चढवतं त्यांनी मात्र वर जावं. लहान लहान देव्हाऱ्यांची दाटी आणि मेणबत्त्यांचा वास असलेला तो भाग खालच्यापेक्षा जास्त जिवंत आहे. वर शीतपेयांची यंत्रं आहेत, पण दर उंचीप्रमाणे वाढतो. पाणी खालूनच भरून घ्या.

परतीच्या वाटेवर मधलं स्टेशन तोफुकुजी. स्टेशनपासून दहा मिनिटं चालत त्याच नावाचं मंदिर. शिगेमोरी मिरेई यांनी १९३९ मध्ये आखलेल्या बागा इथे आहेत. उत्तरेकडच्या बागेत चौकोनी फरश्या आणि शेवाळ बुद्धिबळाच्या पटासारखं मांडलंय, आणि टोकाकडे तो पट विरत जातो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इथल्या मेपलच्या दरीवरच्या पुलावर प्रचंड गर्दी होते. इतर महिन्यांत शांतता.

दुपारी तोजी. क्योटो स्टेशनच्या हाचिजो बाजूने बाहेर पडून पंधरा मिनिटं चाला. ५५ मीटरचा पाचमजली पॅगोडा जपानमधला सर्वात उंच लाकडी पॅगोडा आहे. सध्याचा १६४४ चा, आधीचे चार आगीत गेले. बहुतेक लोक त्याचा फोटो काढून निघतात. तिकीट (साधारण ५००, विशेष काळात जास्त) काढून व्याख्यानगृहात, कोदोमध्ये जा. कूकाई या भिक्षूने मांडलेलं २१ मूर्तींचं मंडल तिथे आहे. एका टोकाला चार हंसांवर बसलेला चतुर्मुख ब्रह्मा, दुसऱ्या टोकाला हत्तीवर बसलेला इंद्र. ताइशाकुतेन या नावाने ओळखला जाणारा हा इंद्र शांत, देखणा, एक पाय सोडून बसलेला आहे. दर महिन्याच्या २१ तारखेला आवारात मोठा बाजार भरतो, जुने किमोनो, भांडी, रोपं, खाणं. तारीख जुळत असेल तर त्या दिवशी सकाळी तोजी आणि दुपारी इतर ठिकाणं असा क्रम उलटा करा.

तिसरा दिवस: पश्चिम, आणि सोनेरी मंडप सगळ्यात शेवटी

जेआर सागानो लाइनने सागा-अराशियामा, पंधरा-वीस मिनिटं, २४० येन. बांबूचं बन खुलं आणि फुकट आहे, पण फोटोत भव्य दिसणारी वाट प्रत्यक्षात काहीशे मीटरचीच आहे. सात वाजता तिथे वारा आणि बांबूंचा आवाज ऐकू येतो, दहा वाजता फक्त माणसं. फक्त या बनासाठी कुणी भर दुपारी अराशियामाला जाऊ नये. ८:३० ला शेजारचं तेनर्यूजी उघडतं, बागेचं तिकीट ५०० येन. तळ्यामागे बाग संपते कुठे आणि डोंगर सुरू होतो कुठे ते कळू नये अशी ती रचली आहे. मागचा डोंगर हा बागेचाच भाग. मग तोगेत्सुक्यो पुलावर थोडं रेंगाळा. मुलं असतील तर पुलापलीकडे माकडांचा डोंगर आहे, वीस मिनिटांची चढण.

अराशियामाहून रान्देन ट्राम घ्या, भाडं सरसकट २५० येन. काताबिरा-नो-त्सुजीला बदलून कितानो लाइनने र्‍योआन्जी स्टेशनला उतरा. र्‍योआन्जीची बाग २५ बाय १० मीटरची, पांढरी खडी आणि पंधरा दगड. ओसरीवर कुठेही बसा, एक दगड कायम दडलेला राहतो. दगड मोजून झाले की बहुतेक जण उठतात. थोडं थांबून मागच्या बुटक्या भिंतीकडे बघा. तेलात उकळलेल्या मातीची ती भिंत आहे, आणि शतकानुशतकं झिरपलेल्या तेलाचे ओघळ तिच्यावर उमटलेत.

तिथून वीस मिनिटं पायी किन्काकुजी. ५ ला बंद होतं, तिकीट ५०० येन, आणि तिकीट म्हणून मंदिराचा मंत्रलिखित कागद मिळतो, तो जपून ठेवा. मूळ मंडप १३९७ चा, १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळला, आजचा १९५५ मध्ये उभारलेला. आत जाता येत नाही, वाट एकेरी आहे, पस्तीस-चाळीस मिनिटांत बघून होतं. दुपारी साडेतीन-चारला गेलात तर सहलींच्या बस निघून गेलेल्या असतात आणि तिरक्या उन्हात वरचे दोन सोनेरी मजले तळ्यात उतरतात. परतताना थेट स्टेशनची बस धरू नका. २०४ किंवा २०५ ने किताओजीपर्यंत जा आणि कारासुमा मेट्रोने खाली या, बराच वेळ वाचतो.

चौथा दिवस: कालव्याच्या काठाने

मेट्रोने इमादेगावा, तिथून २०३ क्रमांकाच्या बसने गिन्काकुजी-मिची. गिन्काकुजी म्हणजे चांदीचा मंडप, पण त्यावर चांदी कधीच चढली नाही. वाळूचा रचलेला शंकू आणि शेवाळाची टेकडी यासाठी जा. ८:३० ला पोहोचा. बाहेर पडलं की दक्षिणेला दोन किलोमीटर तत्त्वज्ञाची वाट. तत्त्वज्ञ निशिदा कितारो इथून चालत असत, म्हणून हे नाव. चेरीच्या बहराचे आठ-दहा दिवस सोडले तर वाट निवांत असते.

ही वाट ज्या पाण्याच्या काठाने जाते तो बिवा सरोवराच्या कालव्याचा फाटा आहे आणि त्याची गोष्ट क्योटोच्या कुठल्याही मंदिराइतकी महत्त्वाची आहे. राजधानी टोकियोला गेल्यावर शहर ओस पडू लागलं. तेव्हा डोंगर फोडून बिवा सरोवराचं पाणी आणण्याचं ठरलं आणि काम सोपवलं तानाबे साकुरो या नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुण अभियंत्याकडे. १८९० मध्ये कालवा पूर्ण झाला, १८९१ मध्ये केआगेला जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि १८९५ मध्ये जपानची पहिली विजेवरची ट्राम याच शहरात धावली. वाटेच्या शेवटी नान्झेन्जी मंदिराच्या आवारातून हा कालवा विटांच्या कमानींवरून जातो. झेन मंदिराच्या मागे रोमन धाटणीचा तो जलसेतू अचानक समोर येतो. खाली उभं राहून कमानीतून बघा, मग बाजूच्या पायऱ्यांनी वर चढा, पाणी अजून वाहतंय. पुढे दहा मिनिटांवर केआगे, जिथे होड्या गाड्यांवर चढवून उतारावरून नेत असत ते रूळ आहेत आणि त्यावरून चालता येतं.

केआगेहून तोझाई मेट्रोने थेट निजोजो-माए. निजो किल्ला तोकुगावा इएयासूने १६०३ मध्ये बांधला आणि १८६७ मध्ये शेवटच्या शोगुनने (लष्करी शासकाने) सम्राटाला सत्ता परत करण्याचा निर्णय इथेच जाहीर केला. निनोमारू महालासकट तिकीट १,३०० येन, प्रवेश ४ वाजेपर्यंतच. महालातल्या ओसरीच्या फळ्या पाऊल पडताच पाखरांसारख्या किलबिलतात, फळ्यांखालच्या कड्या आणि खिळे घासल्यामुळे. जानेवारी, जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये महाल मंगळवारी बंद असतो. उरलेला वेळ निशिकी बाजारात घालवा. चारशे मीटरची छपराखालची गल्ली, लोणची, चहा, सुऱ्या, तोफू. खाताना चालायचं नाही, ज्या दुकानातून घेतलं तिथेच उभं राहून संपवायचं. पाच वाजता दुकानं आवरायला लागतात.

शाकाहारी खाणं

अडचण मांसाची नाही, ‘दाशी’ची आहे. सूप, नूडल्सचं पाणी, उकडलेल्या भाज्या, अगदी अंड्याची वडी, सगळ्यात कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या कीसाचा रस असतो. ‘मांस नाही’ एवढंच सांगितलं तर माशाचं पाणी येणारच, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्याची काही चूक नसते. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ (मांसही नाही, मासेही नाही) आणि ‘कात्सुओ-दाशी मो दामे देसु’ (कात्सुओचा रसही चालत नाही) ही दोन वाक्यं जपानी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि बसण्याआधी दाखवा. क्योटोची जमेची बाजू म्हणजे शोजिन र्‍योरी, भिक्षूंचं शाकाहारी जेवण. तेनर्यूजीच्या आवारातल्या शिगेत्सुमध्ये ते मिळतं, आधी आरक्षण करा. नान्झेन्जीजवळच्या उपाहारगृहांतलं युदोफू, म्हणजे कोम्बूच्या (समुद्री शेवाळाच्या) पाण्यात उकळलेलं तोफू, चांगलं असतं, पण सोबतच्या चटणी-सॉसमध्ये दाशी आहे का ते विचारा. रोज सकाळी लवकर निघायचं असल्याने खाकरा, दशम्या, मेतकूट असं काहीतरी बॅगेत असलेलं बरं.

कधी जावं

चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, मेपलचा लाल रंग नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दोन्ही वेळी हॉटेलचे दर दुप्पट-तिप्पट. जून ते जुलैचा मध्य पावसाचा. ऑगस्टमध्ये डोंगरांच्या वाटीत हवा कोंडते, पारा ३५ च्या वर जातो आणि दमटपणा विदर्भातल्या माणसालाही नवा वाटेल असा. जुलैत गिऑन मात्सुरी हा उत्सव असतो, १७ आणि २४ तारखेला मोठे रथ निघतात. तो बघायचा असेल तर उकाडा सोसावा लागेल. गर्दी नको असेल त्यांनी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा. थंडी असते, ५ ला अंधार पडू लागतो, पण मंदिरं मोकळी मिळतात.

अर्धा दिवस उरला तर

पुढे ओसाकाला जाणार असाल तर वाटेत यामाझाकीला उतरा. टेकडीवर कांगितेनचं मंदिर आहे, यामाझाकी शोतेन नावाने ओळखलं जाणारं. गणपतीची ही मूर्ती जपानमध्ये जवळपास सगळीकडे बंद गाभाऱ्यात असते आणि दर्शनाला मिळत नाही, इथेही तसंच. नैवेद्यात मुळा असतो आणि मंदिरांच्या नक्षीत तो जागोजागी कोरलेला दिसतो. चढ खडा आहे, मोठी बॅग आधीच कुरियरने ओसाकाच्या हॉटेलवर पाठवा. आदल्या दिवशी सकाळी हॉटेलच्या काउंटरवर दिली तर बहुतेक दुसऱ्या दिवशी पोहोचते. आणि क्योटो स्टेशनवरून गाडी घेताना पुन्हा तीच काळजी. शिन-काइसोकु ही जलद गाडी यामाझाकीला थांबत नाही, लोकल घ्या.